कॉम्प्रेसर नंबर दोन आणि माझी पाच वाक्यं

३ मार्च, सोमवार. सकाळी ११.४०
डोकं फिरलंय. आइस्क्रीमच्या फॅक्टरीत सोमवारची मीटिंग इंग्रजीत! माणसं सगळी आपलीच. जिन्यात मराठीत भांडतात, दार लागलं की गुड मॉर्निंग. कोल्ड रूमच्या कॉम्प्रेसर नंबर दोनमध्ये शुक्रवारपासून खडखड आहे. फक्त मला ऐकू येते, एकोणीस वर्षं हेच काम केलंय. बेअरिंग जाणार. तेच सांगायला उभा राहिलो. नव्या मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, नो प्रॉब्लेम, मॅडम. मॅडम हसल्या. मी बसलो.
ठराव : पुढच्या सोमवारी सगळं इंग्रजीत मांडणार. पाच वाक्यं. सात दिवस म्हणजे चैन.

४ मार्च
पहिलं वाक्य, आवाज येतोय. डिक्शनरीत आवाजाला तीन शब्द. व्हॉइस माणसाचा. नॉइज म्हटलं की कटकट केल्यासारखं वाटतं. म्हणून साउंड घेतला. मुलगी म्हणाली, बाबा, साउंड म्हणजे ठणठणीतसुद्धा होतं. खडखडणाऱ्या मशीनला आणि ठणठणीत मशीनला एकच शब्द! ही भाषा बाहेर सोडताना कुणी तपासली नव्हती का? आमच्याकडे असा माल गेटवरूनच परत जातो. डिक्शनरी आपटली. पुठ्ठा निघाला.

७ मार्च
खडखडीला शब्द सापडला, नॉक. सुरुवातीला के. लिहायचा, पण बोलायचा नाही. मग ठेवलाय कशाला? आमच्या सेल्सवाल्यासारखा, हजेरी रोज आणि काम शून्य.
खडखड आता पॅकिंगच्या बायकांनाही ऐकू येते. त्यांनी विचारलं. म्हटलं, माझं लक्ष आहे, रिपोर्ट तयार होतोय.

१० मार्च, सोमवार
तीनच वाक्यं झाली. अर्धवट काम मला खपत नाही. नो प्रॉब्लेम, मॅडम.
सेल्सवाला दहा मिनिटं बोलला. अकरा वेळा व्हेरी. मॅडमनी त्याचं वहीत लिहून घेतलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

१२ मार्च
ही म्हणाली, अहो, केबिनमध्ये जाऊन सरळ मराठीत सांगा की, दोन मिनिटांचं काम. एकोणीस वर्षं नोकरी करून मी अडाण्यासारखा दारात उभा राहू? परदेशात शिकून आलेल्या बाईसमोर? मग ही म्हणाली, तसं असेल तर मशीनलाच सांगा, तुमचं इंग्रजी होईपर्यंत थांब म्हणावं. हिला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत. 

१५ मार्च
रन. मशीन रन होतं, माणूस रन करतो, सर्दी झाली की नाकही रन होतं. एकाच क्रियापदाच्या डोक्यावर एवढं काम! आमच्या युनियनने एका दिवसात टाळं ठोकलं असतं.
असो. पाच वाक्यं पूर्ण. आरशासमोर चारदा म्हटली, चारही वेळा उत्तम. नंबर दोनला हात लावला तर चटका बसतो. सोमवारपर्यंत टिकेल. मी मशीन ओळखतो.

१७ मार्च, सोमवार
मीटिंग रद्द. मॅडम बाहेरगावी. ऐन वेळी घात! माझ्याकडून तयारी पूर्ण होती, याची इथे नोंद असावी.

२० मार्च, गुरुवार. सकाळी ७
नंबर दोन बसला. सगळा भार एक नंबरवर आला, तोही ट्रिप होऊन बंद पडला. कोल्ड रूमच्या दाराखालून स्ट्रॉबेरी वाहतेय. पॅकिंगच्या बायका रबरी बूट घालून वायपरने ती गटारात लोटतायत. अडीच टन. मी मधोमध उभा होतो आणि पाचही वाक्यं डोक्यात अगदी स्वच्छ होती.

२० मार्च, दुपारी १
मॅडमनी बोलावलं. चक्क मराठीत म्हणाल्या, काका, दोन सोमवार तुम्ही मला नो प्रॉब्लेम म्हणालात, मी तुमच्या भरवशावर होते. म्हटलं, मीटिंग इंग्रजीत असते ना. त्या म्हणाल्या, मी पहिल्या दिवशी आले तेव्हा तुम्हीच सगळे इंग्रजीत सुरू झालात, मला वाटलं इथली तशी पद्धत आहे. मलाही रविवारपासून टेन्शन येतं.
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडल्या नाहीत. कोल्ड रूमचं काम सध्या दुसऱ्याकडे देतेय म्हणाल्या. आवाज कधी कळला आणि का सांगितलं नाही, एवढं उद्या लेखी द्या. मराठीतच द्या.

२० मार्च, संध्याकाळी ६
कागद घेऊन बसलोय. पहिली ओळ लगेच झाली : आवाज मला शुक्रवारी, २८ फेब्रुवारीला ऐकू आला.
आता दुसरी. का सांगितलं नाही. स्पेलिंग अडलेलं नाही, शब्द अडलेला नाही, डिक्शनरी लागत नाही. ही येऊन विचारून गेली, झालं का लिहून.
कागदावर अजून एकच ओळ आहे.