सैल झाकणं

११ जानेवारी २००६, बुधवार

रेमिशन! डॉक्टरबाई हे म्हणाल्या आणि अशा हसल्या, जणू मी दहावीला पहिली आले. अठ्ठावीस सांधे एकेक करून दाबले. सूज नाही. रक्ताचा रिपोर्टही चांगला. मग नेहमीचे प्रश्न. नळ बंद करता येतो? बरणीचं झाकण उघडता येतं? "सहज," मी म्हटलं. खरंच, गेले दोन महिने सहज उघडतायत. दिवाळीआधी ह्याच प्रश्नाला "जमतच नाही" म्हणताना रडू आलं होतं.

"संधिवात शांत झोपलाय," बाई म्हणाल्या. रविवारच्या गोळ्या सहाच्या चार केल्या.

एक सांगितलं नाही — सकाळी बोटं मिटत नाहीत. तासभर गरम पाण्यात धरते, तेव्हा वळतात. पण बाई इतक्या खुशीत! म्हटलं, कशाला विरजण घाला. ठाण्याहून येताना हे भिवंडीत उतरले आणि पावशेर पेढे घेतले.

१२ जानेवारी

झोपलाय म्हणे. मग पहाटे मला कोण उठवतं?

२९ जानेवारी, रविवार

चार गोळ्या घेतल्या. आता खांदाही धरलाय.

आज मृणालीवर तोंड सोडलं. सुकटीच्या बरणीचं झाकण परत सैल! सुकट सादळली, घरभर वास. मसाल्याचंही तेच. "सूनबाई, माहेरी झाकणं लावायची पद्धत नव्हती का?" ती गप्प. एरवी एकाला दोन ऐकवणारी पोर! मला वाटलं, चूक कळली असेल. हात दुखला की माझी जीभ सुटते, हे मलाही कळतं.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

हे कालपासून दिघाशीला, ठमाबाई वन्संकडे. सकाळी सुकट काढायला गेले तर झाकण हलेना. फडक्यानं धरलं, पोटाशी धरलं. मसाला, साखर, लोणचं — एकही उघडेना! ओट्यापाशी खाली बसून रडले. वाटलं, एका रात्रीत सगळं परत आलं.

मृणालीनं चारही उघडून दिली. मग खाली बघत म्हणाली, "आई, एका रात्रीत काही नाही झालं. तुम्ही ओरडता म्हणून मी रात्री घट्ट लावते, आणि बाबा सकाळी तुमच्याआधी उठून सैल करून ठेवतात. दिवाळीपासनं. मला शपथ घातली होती त्यांनी."

म्हणजे इतके दिवस माझी बोलणी खाऊन पोरगी गप्प! आणि मी डॉक्टरांसमोर — "सहज"!

तिला जवळ घेतलं. दोघी रडलो आणि मग हसलो.

१९ फेब्रुवारी, रविवार

हे आले आणि मी सुरूच केलं. फसवलंत मला! हे एक चप्पल काढून, एक पायात ठेवून उंबऱ्यातच उभे. "मना तुजा उतरलेला तोंड बघवला न्हाय," एवढंच म्हणाले. मग दुसरी चप्पल काढता काढता, "तुज्या गोळ्या कमी झाल्या त्या माज्यामुलं?"

चेहरा असा पडला की माझं भांडणच संपलं. हा माणूस पूर्ण्याच्या गोडाऊनवर दिवसभर ट्रकवाल्यांना दम देतो, आणि घरात पहाटे चोरासारखा झाकणं फिरवत होता! फार माया आली. इथं लिहून ठेवते, तोंडानं सांगायची नाही. लगेच भाव खातील.

आता ठरलंय — झाकणं घट्टच लावायची. उघडली नाहीत की मी हाक मारायची.

२२ फेब्रुवारी, बुधवार

आज डॉक्टरबाईंकडे दोघं आत गेलो. सगळं सांगितलं, बोटं, गरम पाणी, झाकणं. बाई आधी रागावल्या, मग त्यांना हसू आवरेना. "अहो, माझ्या कागदावर यजमानांच्या हाताला रकाना नाही!" हे छताकडे बघत बसले. गोळ्या परत सहा.

मी विचारलं, रेमिशन म्हणजे नक्की काय हो? सूज नको, रिपोर्ट चांगला हवा, वगैरे सांगितलं त्यांनी. मी म्हटलं, माझं विचाराल तर, ज्या दिवशी मला हात आहेत हे आठवणारच नाही, तो दिवस. बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे मोजायचं कसं?" म्हणाल्या. ते मला तरी कुठं माहीत आहे!

५ मार्च

सात हाका. हे एकदा अंगाला साबण तसाच ठेवून आले.

१९ एप्रिल, बुधवार

बाईंनी पुन्हा सगळे सांधे दाबले. "बरं आहे, पण रेमिशन नाही म्हणता येणार. दोन सांधे सुजलेत, रिपोर्टही थोडा वर आहे." हे येताना रिक्षात रिपोर्टच उलटसुलट बघत होते. पेढे नाहीत. मीच त्यांना उसाचा रस पाजला.

८ मे, सोमवार

दुपारचे तीन. संध्याकाळी पुतणीची, क्षितिजाची हळद. हे कालपासून भावाच्या मांडवातच, मृणाली सकाळपासून नवरीपाशी. स्वयंपाकघरात मी एकटी. पाहुण्यांचं जेवण उरकलं, भाकऱ्या झाल्या, आत्ता कुठं टेकले. ओट्याकडे बघितलं — सुकट, मसाला, साखर, लोणचं, चारही बरण्या उघड्या. काल रात्री मृणालीनं घट्ट लावली होती झाकणं.

मी सकाळपासून कुणालाच हाक मारलेली नाही.