न झालेल्या लग्नाची पोटगी

प्रिय कासवा,

आधी नुसतं काय घडलं ते लिहिते.

१. सोमवारी तुझ्या वकिलांचा अर्ज मिळाला. माझी पोटगी बंद करावी, अशी मागणी आहे.
२. कारण असं, की तू आधीपासून स्त्रीच होतीस, दोन बायकांचं लग्न कायदा मानत नाही, म्हणून आपलं लग्न झालंच नाही; आणि लग्नच नाही, तर पोटगी कसली.
३. मंगळवारी तुझी आई कानाचं मशीन दाखवायला माझ्याकडे आली.
४. मशीन चांगलं आहे.

मी नोकरी करते त्याच दवाखान्यात आई अजून येतात. दुसऱ्या कुणाला कानाला हात लावू देत नाहीत. घटस्फोट तुमचा झाला, माझ्या कानांचा नाही, म्हणतात. या वेळची तक्रार अशी, की फोनवर त्यांचं पोर बोलतच नाही, कुणी परकी बाई बोलते. मशीन बिघडलंय, आवाज बारीक करतंय. मी त्यांना काचेच्या खोलीत बसवून सगळं तपासलं. बिघाड काहीच नव्हता. उंच स्वर दाबले असते तर तुझा आवाज जरा जाड, जुन्यासारखा वाटला असता, आणि त्या खुशीत घरी गेल्या असत्या. तसं केलं नाही. सांगितलं, आई, मशीन बरोबर आहे, तो तिचाच आवाज आहे. त्यांनी पर्सची चेन उघडली, लावली. मग म्हणाल्या, तरीच! थाप मारायच्या आधी ही बाईसुद्धा माझ्या पोरासारखीच खाकरते कशी, असं मला वाटलंच होतं.

त्यानंतर माझा चेहरा का उतरलाय, हे त्यांनी विचारलं. मी लपवलं नाही. अर्ज ऐकून एवढंच म्हणाल्या, मग सहा वर्षं माझ्या ओट्याशी कोण उभी होती गं?

कपड्यांच्या घड्या घालत घालत, आपण बाई आहोत, असं तू मला सांगितलंस, ती दुपार आठवते? माझ्या हातात तुझा एक मोजा होता, दुसरा सापडत नव्हता. कधीपासून, असं मी विचारलं. तू म्हणालीस, कायमच. ते मी तेव्हाच मान्य केलं, म्हणून आताही मागचं सगळं लिहिताना तुला बाईच लिहिते आहे. पण तुझ्या बदलीपायी शिक्षण अर्धवट टाकून, दोन ट्रंका घेऊन तुझ्यामागे आले ती मी होते, आणि ते मी कुणा परक्या माणसासाठी केलं नव्हतं. पोटगी त्याचीच होती. तिच्यावरच मी हे काम शिकले.

माझ्या वकीलबाई खुशीत आहेत. असला अर्ज टिकणार नाही, त्यांना नाकाने कांदे सोलू देत, म्हणतात. त्यांना वाटतं, मला पैशांची काळजी आहे. तुझी ओढाताण मला माहीत आहे, आणि ही युक्ती वकिलाची असणार हेही कळतं. तरी खाली सही तुझी आहे. दुसरा मुद्दा वाचताना तू खाकरल्याचं मला ऐकू आलं.

आता पत्राचं कारण. गेल्या महिन्यात मी नोकरीत कायम झाले. पोटगी बंद कर. घर लहान बघावं लागेल, ते बघेन. पण नवा अर्ज दे आणि त्यात कारण खरं लिही, की ती आता कमावते. त्यावर मी लगेच सही करीन. दुसरा मुद्दा तसाच राहिला, तर मात्र मी लढेन, आणि आई माझ्या बाजूने साक्षीला उभ्या राहणार म्हणतात. तुझा नवा आवाज त्यांना आत्ता कुठे ओळखू यायला लागला आहे. तो त्यांनी कोर्टात, तुझ्याविरुद्ध उभं राहून ऐकावा, असं मला वाटत नाही.

शुक्रवारपर्यंत उत्तर कळव.

एकेकाळी तुझीच,
मोजपट्टी