मिठाच्या पाण्याचे उंदीर

ती. अंबाअक्कास,

सखाचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आता बरी असेल. नसेल तर लावणीला उभी राहू नकोस. (मी येणार नाही. चिखलात रोपं खोचणं हे माझ्यासारख्या नोकरदाराचं काम नव्हे, हे मागेच कळवलं आहे.)

परवा फोनवर तू विचारलंस, "त्या उंदरांच्या कालिजात तू करतोस तरी काय रं?" आणि उत्तर न ऐकताच ठेवलास, म्हणून हे पत्र. पळसदरीजवळच्या या औषध-कॉलेजात मी उंदीर सांभाळतो. आमचे रुद्र सर पीएचडीसाठी भुलीच्या दोन औषधांची तुलना करताहेत: कोणत्याने झोप जास्त येते आणि कोणतं फिटचे झटके थांबवतं. झटक्यांची पाळी पुढे, आधी झोप. उंदराला सुई टोचायची, फिरत्या दांड्यावर चढवायचं. गुंगीने किती वेळात पडतो ते यंत्र मोजतं. सहा उंदरांना मात्र नुसतं मिठाचं पाणी. ते टक्क जागे, म्हणजे पडायलाच नकोत. नेमके तेच सगळ्यांच्या आधी खाली!

सरांनी मिठाचं पाणी तपासलं, यंत्र उघडलं, दोन दिवस डोकं धरून बसले. तीन वर्षं शिकतोय हा माणूस, पण उंदराच्या तोंडाकडे बघेल तर शपथ. अगं, ते पडत नव्हते, उड्या मारत होते! तू पोशीरहून पाठवतेस ती कणी (माझ्या पेजेसाठी म्हणून) मी त्यांनाच खिशातून चारतो. बाहेरचं खाणं इथे सक्त मना. दांड्याखाली मी उभा, खिशात कणी. शुद्धीवर असलेला कोण वर थांबेल? गुंगीतले बिचारे तेवढे लटकून राहिले.

आता सरांनी ठरवलंय की ते सहा उंदीरच सदोष, संध्याकाळी संपवायचे. मी गप्प आहे. बोललो तर नोकरी जाईल, आणि उंदरांपायी नोकरी घालवण्याइतका मी गाढव नाही. उंदीर ते उंदीर.

तुझा धाकटा भाऊ,
सखा

ता. क. : बोललो. नोकरी गेली. सर ओरडलेसुद्धा नाहीत. "आधी सांगायचं ना, सखाभाऊ," एवढंच म्हणाले. आता सगळं पहिल्यापासून करणार आहेत.

ता. क. २ : लावणीला माणूस कमी पडतोय म्हणत होतीस ना? उद्या सकाळी येतो. मांजर कोंडून ठेव. सोबत सहा जण आहेत. सगळे नर, वाढणार नाहीत. डब्याला भोकं सरांनी स्वतः पाडली, तीही वाकडी.