मोजलेला हात

९ मार्च, शनिवार

हात वर केला तो विचारायला! मत द्यायला नाही! आणि त्या टाचणीने तो मोजला! टाचणी म्हणजे समितीचा कारकून. काडीसारखा आहे, दिवसभर कागदाला कागद टोचत बसतो, म्हणून मीच ठेवलेलं नाव. सात विरुद्ध सहा. सातवा हात माझा! मी ओरडले, अहो थांबा, मला काहीतरी विचारायचंय. तर म्हणे, "बाई, मोजणी झाली." झाली म्हणजे? कापड कापलंय का, की आता सांधता येत नाही? तोवर बाकीचे उठून चहाला गेलेसुद्धा.

चहा घेतला नाही. तशीच घरी आले.

आता जरा डोकं थंड झालंय. नीट लिहिते, नाहीतर चार दिवसांनी मलाच कळायचं नाही.

मोठ्या दवाखान्याने चिठ्ठ्या काढून तेरा माणसं बोलावली. साधी माणसं. औषधांवर अभ्यास करताना काय बरोबर नि काय चूक, ते लोकांनाही विचारायचं म्हणे. चार शनिवार. मी फोनवर सांगितलं होतं, चौथी शिकलेली आहे, कपडे दुरुस्त करते, माझं काय काम? पलीकडची बाई म्हणाली, "तुम्हीच हव्यात." मला कोणी असं म्हणून किती वर्षं झाली! गेले.

प्रश्न असा. डोक्याला मार लागून बेशुद्ध माणूस येतो. औषधं दोन आहेत, दोन्ही रोज देतात. जास्त बरं कुठलं ते डॉक्टरांनाही माहीत नाही. ते शोधायचं तर काहींना हे द्यायचं, काहींना ते, आणि कोणाला कुठलं ते मशीन ठरवणार. विचारत बसायला वेळ नसतो. हे आम्ही मागच्या शनिवारी मान्य केलं. मीही केलं. माणूस शुद्धीवर आला की त्याला सांगायचं, हेही ठरलं. आजचा प्रश्न होता — तो शुद्धीवर आलाच नाही तर? गेला तर? घरच्यांना सांगायचं का, तुमचा माणूस अभ्यासात होता म्हणून?

अध्यक्षबाई म्हणाल्या, सांगू नये असं कोणाकोणाला वाटतं? आणि मी तेव्हाच हात वर केला. शाळेत हात वर केला की गुरुजी विचारायचे, काय गं? मला तेवढीच रीत ठाऊक.

मला विचारायचं होतं, इथे असा अभ्यास आधी कधी झालाय का? कारण माझा नवरा ह्याच दवाखान्यात गेला. सहा वर्षं झाली. रंगारी होता, शिडीवरून पडला. तीन दिवस डोळा उघडला नाही. मी तेव्हा गणवेश पोचवायला गावाच्या दुसऱ्या टोकाला. पोचले तोवर त्याला आत नेलेलं, बाहेर बाकावर सासूबाई एकट्या. म्हणून विचारायचं होतं. एवढंच. आणि माझाच हात 'सांगू नका'मध्ये!

१० मार्च, रविवार

सासूबाईंना सांगितलं. वाटलं, हसतील. तर चिडल्या.

"गेलेल्या माणसाला कशाला उठवतेस? बरं झालं मोजला हात. देवानेच मोजला."

"तुमचा देव दवाखान्यात कारकून आहे का?"

त्यावर उत्तर नाही. एरवी माझ्या एकाला त्यांची चार असतात. आम्हा दोघींचं भांडण म्हणजे घराचं घड्याळ, बंद पडलं की लक्षात येतं.

११ मार्च, सोमवार

टाचणीला फोन. तीनदा उचलला नाही, चौथ्यांदा उचलला.

"इतिवृत्तात आलंय, बाई. इतिवृत्त मंजूर झालं की बदलत नाही."

"मंजूर कधी होणार?"

"येत्या शनिवारी."

"म्हणजे अजून झालेलं नाही!"

"तसं बघायला गेलं तर..."

"तसंच बघायला जा. माझा हात मला परत द्या."

१२ मार्च, मंगळवार

दोन चेनी, एक अस्तर, एक कमर सैल. हात अजून त्यांच्याकडेच.

१४ मार्च, गुरुवार

ड्रायव्हर दुकानात आला. आमच्या तेरांतला, बस चालवतो. जाकिटाची चेन घेऊन आला होता, पण चेन हे निमित्त. त्याचं मत 'सांगू नका'. मी सरळच विचारलं, का रे बाबा?

"वहिनी, माझा भाऊ गेला तेव्हा वर्षभर मी नीट झोपलो नाही. त्यात कोणी येऊन सांगितलं असतं की अजून एक औषध होतं, ते त्याला दिलं नाही... मी जन्मभर तेच चघळत बसलो असतो. न सांगितलेलं बरं."

मूर्ख माणूस नाही तो. मी मशीन थांबवलं. त्याला त्या कोटाचं सांगितलं. एका गिऱ्हाइकाचा भारी कोट माझ्या इस्त्रीने जळला होता, नखाएवढा. त्याच कोटाचा धागा काढून रफू केलं. मलाच शोधावं लागत होतं कुठे जळला ते! तरी तो न्यायला आला तेव्हा सांगितलं. त्याने शिव्या घातल्या. परत कधी आला नाही.

"मग काय मिळवलंत?"

"ते रफू मला रोज दिसलं असतं."

"तेच म्हणतोय मी," ड्रायव्हर म्हणाला. "डॉक्टर मन मोकळं करून घरी जाणार, आणि ओझं आम्ही उचलायचं."

मी त्याची चेन उलटी बसवली, उसवावी लागली.

१५ मार्च, शुक्रवार

दिवसभर ड्रायव्हरचंच डोक्यात. तोही खरा, मीही खरी. मग काय नाणं उडवायचं? ज्याला ऐकायचं त्याला सांगा, ज्याला नको त्याला सोडा. पण सांगितल्याशिवाय कळणार कसं, कोणाला नको ते?

कपडे प्रेस करताना सुचलं. उद्या बोलते.

१६ मार्च, शनिवार

आधी भांडले. थोडंच. अध्यक्षबाई भल्या निघाल्या — "चूक आमची आहे. आधी ह्यांचा प्रश्न ऐकू, मग पुन्हा मतं घेऊ." टाचणीने टोचलेला कागद उपसून काढला. दात उपटल्यासारखं तोंड केलं.

उभी राहिले. विचारलं, असा अभ्यास इथे आधी झालाय का?

हा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हो. एक झालाय. आठ वर्षांपूर्वी सुरू झाला, चार वर्षांपूर्वी संपला. तेव्हा नातेवाईक जवळ असला तर त्याला विचारायचे, नसला तर तसंच. पण माणूस गेल्यावर घरच्यांशी कोणी बोललं नाही.

"का नाही बोललात?"

"कोणी विचारायला आलं नाही."

"अहो, माहीत असेल तर विचारणार ना!"

ड्रायव्हर खाली बघत होता. मग मी कालचं सुचलेलं सांगितलं. माणूस गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी घरी साधं पत्र पाठवा. उपचारांबद्दल सांगण्यासारखं आहे, ऐकायचं असेल तर या, नको असेल तर पत्र ठेवून द्या. दहा वर्षांनी आलात तरी सांगू. म्हणजे ओझं दारात ठेवायचं, डोक्यावर नाही.

मतं घेतली. नऊ विरुद्ध चार. ड्रायव्हरचा हात वर! कोपरापर्यंतच, पण वर. टाचणीने दोनदा मोजले, आणि माझ्यापाशी थांबून म्हणाला, "हा मताचाच ना?"

म्हटलं, आधीच्या अभ्यासातल्यांचं काय? अध्यक्षबाई म्हणाल्या, ते आपल्याला विचारलेलं नाही. मग बाहेर जिन्यात डॉक्टरीणबाईंनी गाठलं. म्हणाल्या, कागद जपून ठेवलेत, अर्ज करा. करायचा की नाही, ठरत नाही. दुसऱ्यांसाठी मोठ्या तोंडाने बोलले. माझ्याच दारात पत्र आलं असतं तर उघडलं असतं का?

१७ मार्च, रविवार

सासूबाईंना जेवताना सांगितलं. आधी एक अभ्यास झालाय, त्याच वर्षांत, आपला माणूस त्यात असेल-नसेल. ताट सारलं. उठल्या, हात धुतले, भिंतीकडे तोंड करून पडल्या. मी मुद्दाम दोन शब्द टोचून बोलले. एक शब्द परत आला नाही.

१८ मार्च, सोमवार

सकाळी दुकान उघडायला निघाले तर सासूबाई म्हणाल्या, खाली बस. तो पडला त्या दिवशी मी पोचायच्या आधी डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं. दोन औषधं आहेत, कुठलं बरं ते आम्हालाही माहीत नाही, चालेल का? ह्या म्हणाल्या, काहीही करा, वाचवा. अंगठा दिला. आणि तो गेला. सहा वर्षं! सहा वर्षं ही बाई माझ्यासमोर बसून जेवली, भांडली, आणि मनात धरून बसली की आपल्या अंगठ्याने मुलगा गेला.

दुकान उघडलं नाही. अर्ज लिहिला, टाचणीच्या हातात दिला, शिक्का मारून घेतला. त्यात लिहिलंय — माझ्या नवऱ्याला कुठलं औषध दिलं, आणि अभ्यासात शेवटी काय निघालं, ते आमच्या घरी येऊन माझ्या सासूबाईंना समोर बसून सांगा. त्यांना कळेल असं सांगा. वाईट असलं तरी सांगा. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, पत्राची वाट बघणार नाहीत. येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत या.