मुख्याध्यापकांना गूळपाणी पाजण्याच्या परवानगीबाबत

प्रति,
मा. सचिव,
श्री रखुमाई समाज विद्यामंडळ,
मंडी मोहल्ला, म्हैसूर.

विषय : मुख्याध्यापक श्री. भुजंगराव यांचा दिव्यांग-अनुभव अपुरा राहिल्याने तो पूर्ण करून घेणेबाबत.
संदर्भ : शाळेतील ‘अनुभव दिन’, दि. ३ डिसेंबर.

महोदय,

१. अर्जदार तुळसीबाई हिची मुलगी चंद्रिका आपल्या शाळेत आठवीत शिकते. चाकांची खुर्ची हेच तिचे पाय. अनुभव दिनासाठी शाळेकडे खुर्ची नव्हती, म्हणून तिचीच मागून घेतली आणि तिला दिवसभर बाकावर बसवून ठेवले.

२. सदर खुर्चीत मुख्याध्यापक बसले. शिक्षकांनी ढकलले, मुलांनी टाळ्या पिटल्या, फोटो निघाले. मैदानाला एक फेरी मारून ते माइकवर म्हणाले, “काही कष्ट नाही हो, मजाच आहे. आता मला सगळं कळलं.”

३. सगळे कळलेले नाही, एवढेच नम्र म्हणणे आहे. शाळेच्या संडासाला पायऱ्या आहेत आणि दार खुर्चीहून अरुंद. उतार करून द्या म्हणून अर्जदार विनवायला गेली, तेव्हा मुख्याध्यापकांकडून उत्तर मिळाले, “एका मुलीसाठी भिंत फोडू काय, अम्मा?”

४. सासरी आल्यापासून अर्जदाराचे व्रत आहे : दारी आलेल्याला गूळपाणी दिल्याशिवाय आपण घोट घ्यायचा नाही. पोस्टमन असो, ब्लाउज शिवायला टाकणारी असो, कोणी कोरड्या तोंडाने गेलेले नाही. आणि पोटची पोर मात्र सकाळी पेल्यावर हात ठेवून म्हणते, “नीरु बेड, पाणी नको, आई. शाळा आहे.” संध्याकाळपर्यंत ती तशीच कोरडी. असल्या व्रताचे पुण्य कुठल्या देवाच्या पायाशी ठेवायचे, ते आपणच सांगावे. अर्जदाराने उभ्या जन्मात कोणाचे वाईट चिंतले नाही. आता चिंतते आहे, रोज तुळशीला प्रदक्षिणा घालताना.

५. तरी येत्या सोमवारी मुख्याध्यापकांना त्याच खुर्चीत शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत बसवावे. कोणी ढकलू नये, कोणी उचलू नये. अर्जदार तांब्या घेऊन त्यांच्या दाराशी बसेल आणि दर तासाला पेला पुढे करील. गूळपाण्याला नाही म्हणू नये, अशी आपल्यात रीतच आहे. संडासाची वाट त्यांना माहीत आहे.

त्याआधी उतार झाला, दार रुंद झाले, तर हा अर्ज मागे घेतला समजावा. गवंड्यालाही गूळपाणी मिळेल. तुळशीपुढचे चिंतन मात्र मागे घेता येणार नाही. ते देवाकडे दाखल झाले आहे.

आपली नम्र,
आज एकादशीला लेकीसारखीच कोरडी,
सौ. तुळसीबाई मालोजीराव
म्हैसूर, दि. ११ डिसेंबर २०२४

सोबत : गुळाचा खडा, नमुन्यादाखल.