पिवळ्या उजेडाचा शब्द

बाई, काल नातीनं पुस्तकातून डोकं वर न काढता विचारलं, "आजी, लुरिड म्हणजे काय गं?" आणि मला ती दुपार आठवली.

दुष्काळाची वर्षं होती. भवानी पेठेतली आपली शाळा, नळाला येणारं गढूळ पाणी, आणि शेवटच्या तासाला एकाएकी पिवळं पडलेलं आभाळ. धुळीचं वादळ येत होतं. वीज गेल्यानं शेजारच्या यंत्रमागांची खडखड बंद पडली होती. तुम्ही सातव्या महिन्याचं पोट सांभाळत खुर्चीतून उठता आणि फळ्यावर तो शब्द लिहिता. "बाहेर बघा. असल्या उजेडाला इंग्रजीत लुरिड म्हणतात. मूळ लॅटिन. आजारी माणसाच्या कातडीवरचा पिवळेपणा, हा त्याचा पहिला अर्थ. धुरातून दिसणाऱ्या आगीच्या उजेडाला तो नंतर लागला." आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी. या तिसऱ्या भाषेतला शब्द पोटात असलं काही बाळगून असेल, असं मला वाटलं नव्हतं.

मी म्हणाले, "बाई, तुमचे डोळेबी तसेच दिसायलेत."

"उजेडच तसला आहे की," म्हणत तुम्ही हसलात.

वादळ पाऊस न पाडताच निघून गेलं. वर्गात स्वच्छ ऊन आलं. मुलींचे डोळे पुन्हा पांढरे दिसू लागले, तुमचे नाही. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तुमचं हसू थांबलं.

तुमचे यजमान कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात, म्हणून सरकारी दवाखान्यात तुमच्यासोबत मीच आले. डॉक्टर म्हणाले, "गरोदरपणातली कावीळ आहे. आजच दाखल व्हा." निरोप मिळताच तुमच्या सासूबाई आल्या. "कावीळच हाय की. आमच्या गावात उतरवत्यात. हितं कशाला ऱ्हायचं?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "आई, मी इथेच राहते." योग्य तेच केलंत, पण उपयोग झाला नाही. आठवड्याच्या आत तुम्ही गेलात, आणि बाळही.

नातीला मी 'भडक, अंगावर येणारं' एवढाच अर्थ सांगितला. हल्ली तोच चालतो. मूळ सांगायला जीभ वळली नाही.

हा कागद कुठं टाकायचा, माहीत नाही. पण एक गोष्ट आजवर कुणाजवळ बोलले नाही. दवाखान्यातल्या बाकावर आपला नंबर यायची वाट बघताना तुम्ही माझा हात घट्ट धरला होता. तुम्ही घाबरला होतात, आणि तुम्ही धरलेला हात माझा होता याचा मला आनंद झाला होता.