लेडिंग की लीडिंग

३ ऑगस्ट, डिचोली
सुट्टी. बाबांच्या छापखान्यात बसले. पाळी गावचे नाटकवाले हँडबिलाचं प्रूफ बघायला आलेले. ओळी एकमेकींच्या अंगावर. बाबा म्हणाले, "लेडिंग वाढवूया." मी फटकन्, "लेडिंग काय बाबा! लीडिंग म्हणतात." नाटकवाले हसले. एकजण, "चेडू मास्तरीण जालें तुमचें!" मुलगी मास्तरीण झाली म्हणे. बाबाही हसले. मग रात्री धड जेवले नाहीत. आईला वाटलं, पित्त झालं.

५ ऑगस्ट, पणजी, हॉस्टेल
टायपोग्राफीचा तास. कर्निंग: दोन अक्षरांमधली फट जुळवणं. ब्लीड: कापताना कडेला पांढरं राहू नये म्हणून रंग रेषेबाहेर नेणं. ही कामं बाबा रोज करतात. नावं तेवढी मला नवीन.

१२ ऑगस्ट
आज सर 'लेडिंग' म्हणाले. मी शहाणीने हात वर केला: सर, लीडिंग ना? सर म्हणाले, नाही. लेड म्हणजे शिसं. छपाईचे खिळे हाताने जुळवायचे तेव्हा ओळी सुट्या करायला मध्ये शिशाच्या पट्ट्या घालत, त्यावरून लेडिंग.
अगो आई! कॉम्प्युटर येण्याआधी त्याच पट्ट्या घालण्यात बाबांचा जन्म गेला. आणि मी त्यांना चारचौघांत उच्चार शिकवला. मेली अक्कल माझी.

१३ ऑगस्ट
घरी फोन. बाबांनीच घेतला. "जेवलीस?" "हो." "पावस आसा थंय?" "आहे." एवढंच. समोर बसूनच सांगायला हवं.

२८ ऑगस्ट, डिचोली
गणेशचवथीची सुट्टी. बसमधून उतरले ती सरळ छापखान्यात. बाबा गिऱ्हाइकाला सांगत होते, "लीडिंग वाढवूया. लेडिंग म्हणूं नये, आमच्या चेडवान सांगलां."
मी हसले. हसले मी! गिऱ्हाइकासमोर परत बाबांची चूक कशी काढणार?

२९ ऑगस्ट
सकाळी चहाला सांगितलं एकदाचं. "बाबा, तुमचंच बरोबर. लेडिंग. शिशावरून."
बाबा चहात उंडो पाव बुडवत म्हणाले, "म्हाका खबर आशिल्लें गो."
"मग बोलला का नाहीत?"
"त्या लोकांमुखार तुका उणें कित्याक करूं?"
लोकांसमोर मला कमीपणा नको म्हणून! मला रडूच आलं. म्हटलं, आजपासून लेडिंगच म्हणायचं, माझी शपथ. म्हणाले, "पळोवया." नुसतं बघूया!
दुपारी एक पत्रिकावाला आला. मी कान देऊन. बाबा थोडे अडखळले, मग म्हणाले, "ओळींमदीं मातशी जागा सोडूया."
लेडिंगही नाही, लीडिंगही नाही. त्यांचा शब्द त्यांच्या तोंडी परत कसा आणू, कळत नाही.